कुत्ता गोळी म्हणजे नेमकं काय? नशेचे प्रकार आणि शरीरात होणारी उलथापालथ

मालेगाव आणि धुळ्याकडच्या बातम्यांत गेली काही वर्षं एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: कुत्ता गोळी. पोलिसांनी साठा पकडला, गोळी खाऊन पोरांनी हाणामारी केली, अशा त्या बातम्या असतात. वाचणाऱ्याला वाटतं, हे कुठून तरी बाहेरून आलेलं भयंकर नवं विष असावं. प्रत्यक्षात त्या पाकिटात बहुतेक वेळा अल्प्राझोलम असतं. छातीत धडधड होणं, जीव घाबरा होणं यासाठी डॉक्टर लिहून देतात तीच गोळी. जळगाव-भुसावळकडच्या कितीतरी घरांत ती आजीच्या औषधांच्या डब्यात सापडेल.

मग आजीची गोळी आणि रस्त्यावरची गोळी यांत फरक कशाचा? मात्रेचा, सोबत काय घेतलं याचा आणि किती दिवस घेतली याचा. नशेचा धोका पदार्थाच्या नावावरून किंवा बातमीच्या मथळ्यावरून मोजायचा नसतो. तो पदार्थ मेंदूला कुठल्या बाजूला ढकलतो, कशात मिसळला जातो आणि अचानक बंद केल्यावर काय होतं, या तीन गोष्टींवरून मोजायचा असतो. त्या मापानं पाहिलं तर आपल्याकडच्या भीतीचा क्रम बराचसा चुकलेला दिसतो.

## मेंदूत होतं काय?

दिवसभर केळीच्या बागेत राबून आल्यावर कळण्याची भाकरी आणि भरीत पुढ्यात आलं की जे बरं वाटतं, त्यामागे डोपामिन नावाचं मेंदूतलं रसायन असतं. जगायला उपयोगी काही घडलं की ते सुटतं आणि 'हे लक्षात ठेव, पुन्हा कर' अशी खूण पक्की होते. तंबाखूपासून हेरॉईनपर्यंत व्यसन लावणारे जवळजवळ सगळे पदार्थ याच व्यवस्थेत शिरतात. जेवणानं जे हळूहळू होतं ते हे पदार्थ झपाट्यानं आणि कितीतरी जोरात करतात. म्हणूनच ओढलेला, हुंगलेला किंवा टोचलेला पदार्थ गिळलेल्या पदार्थापेक्षा लवकर पकड घेतो.

पुढे दोन गोष्टी घडतात. तेवढ्याच मात्रेत काही वाटेनासं होतं, म्हणून मात्रा वाढते. आणि पदार्थ मिळाला नाही की शरीर बंड करतं. याला डॉक्टर विथड्रॉल म्हणतात, व्यसनमुक्ती केंद्रात 'टर्की' म्हणतात. पुढे मीही टर्कीच म्हणेन, कारण घरच्यांच्या कानावर पडतो तो हाच शब्द.

मोह आवरणारा, परिणामांचा विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. त्यामुळे चौदा-पंधराव्या वर्षी लागलेली सवय तिशीत लागलेल्या सवयीपेक्षा खोल रुतते.

## दारू आणि गोळी: सख्खी भावंडं

मेंदू शांत ठेवणारं एक रसायन आहे, गाबा. दारू आणि अल्प्राझोलम दोन्ही त्याचाच जोर वाढवतात. एक बाटलीतून येते, एक पाकिटातून, पण जातात एकाच वाटेनं. डायझेपाम, नायट्राझेपाम या झोपेच्या-शांततेच्या गोळ्याही त्याच घरातल्या.

इथे वाचक विचारेल, गोळी शांत करणारी असेल तर ती खाऊन पोरं मारामाऱ्या कशा करतात? कारण मेंदू सगळा एकदम मंदावत नाही. आधी मंदावतो तो विवेक. लाज, भीती, 'हे करू नये' ही जाणीव आधी जाते, हातपाय मात्र चालू असतात. त्याच वेळी नव्या आठवणी साठवण्याचं कामही बंद पडतं. आदल्या रात्री चाकू काढलेला मुलगा सकाळी 'मला काही आठवत नाही' म्हणतो तेव्हा तो खोटंच बोलत असेल असं नाही.

खरा जीवघेणा प्रकार आहे दोन्ही एकत्र घेण्याचा. दारूवर गोळी घेतली की दोघांचा जोर एकमेकांत मिसळतो आणि झोपेत श्वास मंद होत जातो. एकट्या गोळीनं कदाचित निभावलं असतं, एकट्या दारूनंही निभावलं असतं. दोन्ही मिळून माणूस उठत नाही.

म्हणूनच अल्प्राझोलम २०१४ पासून औषधांच्या 'एच-१' यादीत आहे. चिठ्ठीशिवाय ती द्यायची नाही आणि दिल्यावर डॉक्टरचं व रुग्णाचं नाव वेगळ्या नोंदवहीत लिहून ती वही तीन वर्षं जपायची, असा नियम आहे. चिठ्ठीशिवाय स्ट्रिप देणारा दुकानदार कुठलीच मेहेरबानी करत नसतो, मग तो ओळखीचा असला तरी.

## अचानक बंद करणं सगळ्यांत धोक्याचं कधी?

हा भाग नीट वाचावा, ही माझी कळकळीची विनंती.

ब्रेक अर्धवट चिकटलेला ट्रॅक्टर चालवायचा तर ॲक्सिलरेटर जास्त दाबावा लागतो. महिनोन्‌महिने तसाच चालवला तर पायाला तीच सवय होते. मग एके दिवशी ब्रेक एकदम सुटला आणि पाय तसाच दाबलेला राहिला तर? रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू असाच असतो. दारू ब्रेक लावते आणि तिच्यावर मात करायला मेंदू ॲक्सिलरेटर दाबत राहतो. दारू अचानक थांबली की ब्रेक सुटतो, पाय मात्र दाबलेलाच असतो.

शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते आठ तासांत हात थरथरू लागतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भास सुरू होतात. अंगावर किडे चालताना दिसतात, कोपऱ्यात मेलेला माणूस उभा दिसतो, नसलेल्या बैलांना हाकणं सुरू होतं. ताप चढतो, नाडी धावते. ही अवस्था उपचाराविना जीव घेऊ शकते.

आणि आपल्याकडे नेमकं याच दिवशी काय होतं? 'बाहेरचं लागलं' म्हणून त्याला भगताकडे नेतात. शिकलेल्या घरांतही नेतात. भगताकडे गेलेला एक दिवस या आजारात फार महाग पडतो.

हे कधी घडतं तेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. श्रावण लागला म्हणून वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एका दिवसात बंद केली. किंवा मोटारसायकलवरून पडून पाय मोडला, दवाखान्यात भरती झाला आणि लाजेपोटी घरच्यांनी डॉक्टरांना पिण्याबद्दल सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी तो सलाईन उपटून पळू लागतो आणि सगळे म्हणतात, डोक्याला मार लागला असेल. एक वाक्य आधी सांगितलं असतं, 'हे रोज इतकी पितात, शेवटची काल रात्री घेतली', तर डॉक्टरांनी आधीच औषध सुरू केलं असतं.

सलाईनचंही ऐका. 'अशक्तपणा आलाय, ग्लुकोज लावून द्या' ही गावाकडची नेहमीची मागणी. सतत पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व आटलेलं असतं. ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. डॉक्टरला पिण्याची माहिती असेल तर तो बी-१ आधी किंवा सोबत देतो.

अल्प्राझोलमचंही तसंच आहे. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम तोडली तर फिट येऊ शकते. ती डॉक्टरच्या सल्ल्यानं हळूहळू उतरवायची असते. आजीची गोळीसुद्धा.

## एमडी: उलट्या दिशेचा पदार्थ

एमडी म्हणजे मेफेड्रोन. अमली पदार्थांच्या कायद्याखाली ते २०१५ मध्ये आलं. हा मेंदू जागवणाऱ्यांच्या वर्गातला पदार्थ. तो डोपामिनचा लोंढा सोडतो: बडबड वाढते, भूक-झोप पळते, आपण काहीही करू शकतो असं वाटतं. हा भर काही तासांतच ओसरतो आणि मागे इतकी उदासी सोडतो की ती टाळायला माणूस लगेच पावडरची दुसरी ओळ नाकानं ओढतो. रात्रभर हेच चालतं.

हृदयाचे ठोके आणि रक्तदाब चढतात, शरीर तापतं, दात करकर वाजतात. दिवसेंदिवस झोप नसल्यानं संशय शिरतो. आई जेवणात काही घालतेय, मित्र पोलिसांना फितूर झालाय, असं खरोखर वाटू लागतं. घरात पैसे गायब होणं, वजन झपाट्यानं उतरणं, दोन दिवस जाग आणि मग अठरा-अठरा तास झोप, असं एकत्र दिसलं तर 'मना पोऱ्या तसा नही' म्हणून विषय मिटवू नका.

याच वर्गात आणखी एक पदार्थ बसतो, आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा: तंबाखू. तिच्यातलं निकोटीन विडी-सिगारेटच्या धुरातून दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. ते माणसाला बेभान करत नाही, म्हणून तिला कोणी नशा म्हणत नाही. पण पकड पाहा. अमेरिकेत १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत असं दिसलं की, एकदा तरी चाखलेल्या दर १०० जणांपैकी तंबाखूच्या आहारी सुमारे ३२ गेले, हेरॉईनच्या २३, दारूच्या १५ आणि गांजाच्या ९. आपल्या राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, आणि २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू वापरत होते. नुसती सुपारीसुद्धा कर्करोग घडवते आणि तोंड उघडेनासं करते, हे तर अनेकांच्या गावीही नसतं.

## अफूच्या घराण्यातले

हेरॉईन म्हणजे गर्द, त्याच घराण्यात खोकल्याच्या काही औषधांतलं कोडीन आणि दुखण्यावरचं ट्रॅमाडोल. ट्रॅमाडोल २०१८ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. हे पदार्थ वेदना मारतात, ऊब आणि बेफिकिरी देतात, आणि श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या केंद्राला झोपवतात. जास्त झालं की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळे पडतात, श्वास घोरल्यासारखा अडखळतो.

यांची टर्की भयानक असते: नाक-डोळे वाहतात, पोटात पिळवटतं, हाडं ठणकतात. पण धडधाकट माणूस तिनं सहसा मरत नाही. मरतो तो नंतर. महिना-दोन महिने केंद्रात किंवा तुरुंगात राहून शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर आल्यावर तो जुनीच मात्रा घेतो, आणि तीच आता जास्त होते. सुटून आलेल्या माणसाची घरच्यांनी सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती याच दिवसांत. आनंदाच्या भरात 'आता सुटला' म्हणून त्याचं औषध बंद करू नका. ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधं डॉक्टर महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं देतात. त्यांनी जीव वाचतात.

## गांजा तर महादेवाचा, तो काय करणार?

सातपुड्याच्या पायथ्याशी, शिरपूर तालुक्यात कापूस-तुरीच्या आडोशानं लावलेली गांजाची शेती पोलिसांनी अनेकदा उपटली आहे. लागवडीची शिक्षा १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. धंदा भलत्याचाच असतो, पण गुन्हा शेत कसणाऱ्यावर नोंदवला जातो, हे मला फार वाईट वाटतं.

गांजातला टीएचसी नावाचा घटक वेळेची, अंतराची, आठवणीची जाणीव बदलतो. त्याच्या अति मात्रेनं अफूसारखा श्वास थांबत नाही, हे खरं आहे आणि ते मुलांपासून लपवू नये. एक खोटं पकडलं की पोरं बाकीचं खरंही झटकून टाकतात. पण रोज ओढणाऱ्याची अभ्यासाची, कामाची उमेद हळूहळू आटते. ज्यांच्या घरात मानसिक आजार आहे त्यांच्यात, आणि लहान वयात सुरुवात करणाऱ्यांत, भास-भ्रमाचा आजार उमटण्याचा धोका वाढतो. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक, हा हिशोब धोतऱ्याला लागू पडत नाही, गांजालाही पडत नाही.

मोहाच्या दारूचंही असंच विचारलं जातं. नंदुरबारकडच्या आदिवासी घरांत मोहाला देवाच्या कामात मान आहे, आणि तो मान काढून घ्यायचा अधिकार बाहेरच्या कुणाला नाही. तरी यकृत पूजेची आणि पार्टीची दारू वेगळी ओळखत नाही. दोन्हींत अल्कोहोल तेच. वेगळा धोका आहे तो कारखान्याचं स्पिरिट मिसळलेल्या हातभट्टीचा. त्यातलं मिथेनॉल डोळ्यांची नस जाळतं. पिल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, धूसर दिसू लागलं तर तासाभराचाही उशीर न करता मोठं रुग्णालय गाठायचं. मुंबईत मालवणीला २०१५ साली अशाच दारूनं १०० हून अधिक माणसं गेली.

## लहान पोरं सोल्युशन हुंगतात, त्याचं काय?

पंक्चरचं सोल्युशन, थिनर, व्हाइटनर. स्वस्त, कुठेही मिळणारं, आणि बसस्टँड-रेल्वेस्टेशनवरच्या मुलांच्या हातात सहज पडणारं. केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या 'एम्स'नं केलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हा एकच प्रकार असा निघाला की ज्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे: मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. यात हृदयाचे ठोके बिघडून अगदी पहिल्याच वेळीही मृत्यू येऊ शकतो. हुंगणाऱ्या मुलाला दचकवू नका, पाठलाग करू नका. भीतीनं सुटणारं ॲड्रिनलिन तो झटका आणू शकतं. शांतपणे जवळ जाऊन मोकळ्या हवेत न्या.

## मनावर घेतलं तर सुटत नाही का?

काहींची सुटते. पण 'एम्स'च्या त्याच पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठला तरी उपचार मिळतो, आणि याला 'मनावर घ्या' हा सल्लाही जबाबदार आहे. साखर वाढलेल्या माणसाला आपण मनावर घ्यायला सांगतो, पण गोळीही देतो. इथे मात्र गोळीला कमीपणा समजतात. निग्रह लागतोच. तो टर्की उतरल्यानंतरच्या लांब वाटेवर लागतो. पहिल्या आठवड्यात डॉक्टर लागतो.

## 'त्याला न सांगता दारू सोडवा' ही पुडी चालते का?

नको. भाजीत, चहात मिसळायच्या अशा पुड्यांच्या जाहिराती भिंतींवर असतात आणि थकलेल्या बायका आशेनं त्या आणतात. त्यांच्यावर मी रागावू शकत नाही. पण पुडीत काय आहे ते लिहिलेलं नसतं. त्यात डायसल्फिराम असलं आणि त्यावर तो प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदय दुबळं असेल तर जीव जातो. हे खरं औषध आहे आणि डॉक्टर ते देतातही, पण माणसाला सगळं सांगून, त्याच्या संमतीनं, पोटात दारू नसताना. चोरून दिलेलं औषध उघडकीला आलं की त्याचा घरच्या जेवणावरचा विश्वासही उडतो.

## दवाखान्यात नेलं तर पोलिसात जाणार नाही का?

बहुतेक घरं याच भीतीनं अडतात. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतःसाठी वापरणारा किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वेच्छेनं सरकारमान्य ठिकाणी उपचाराला आला, तर त्या आरोपांतून त्याला मोकळीक मिळू शकते. उपचार अर्धवट टाकला तर ती जाऊ शकते. विकणाऱ्याला ही सवलत नाही. आणि लहान मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला बालन्याय कायद्यानं सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात साधा केसपेपर काढून जाता येतं. घरातून बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे मोफत सरकारी क्रमांक आहेत. तो यायला तयार नसेल तर आधी तुम्ही एकट्यानं जा. डॉक्टर घरच्यांशीही बोलतात.

कुणी हाक मारून उठत नसेल, श्वास अडखळत असेल, तर अंगावर पाणी ओतू नका, लिंबूपाणी, ताक काही पाजू नका, कारण ते घशात जाऊन तो गुदमरेल. त्याला कुशीवर वळवा, १०८ ला फोन करा आणि जवळच बसून राहा. आणि गादीखाली, खिशात सापडलेल्या रिकाम्या स्ट्रिपा, बाटल्या, पुड्या लाजेनं फेकून देऊ नका. पिशवीत घालून सोबत न्या. काय घेतलं आणि किती वाजता घेतलं, डॉक्टर आधी तेच विचारणार आहेत.